सिस्टर, तुम्हीच वाचा

गेल्या श्रावणातली गोष्ट. ऑपरेशन टेबलावर एक आजोबा निजलेले. त्यांचा मोतीबिंदू मी नुकताच फोडून, ओढून बाहेर काढला होता आणि आता त्या जागी लेन्स बसवायची होती. सिस्टरांनी लेन्सची डबी माझ्यासमोर धरली. आमच्याकडे रीत अशी, की डबी फोडण्याआधी तिच्यावरचा नंबर सर्जनने स्वतः मोठ्याने वाचायचा. चुकीच्या नंबराची लेन्स आत गेली तर ती बदलायला पुन्हा डोळा उघडावा लागतो, म्हणून ही रीत कुणी मोडत नाही.

मी डोळे बारीक केले. मग मान मागे नेली. हात ग्लोव्हजमध्ये, त्यामुळे डबी घेऊन लांब धरायची सोय नाही.

"सिस्टर, जरा मागं सरका."

त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"आणखी थोडं."

आणखी एक पाऊल गेल्या आणि त्यांची पाठ भिंतीला टेकली.

"सिस्टर, तुम्हीच वाचा."

"एकवीस पॉइंट पाच," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जी सहानुभूती होती ती मला आवडली नाही.

तेवढ्यात हिरव्या कापडाखालून आजोबांचा आवाज आला, "डॉक्टर, तुमास्नी दिसतंय न्हवं?"

दिसत होतं. अगदी स्वच्छ दिसत होतं. गंमत अशी, की मायक्रोस्कोपमधून बघताना डोळ्याला जवळचं बघायचा ताण पडतच नाही. लांबचं बघितल्यासारखं निवांत बघता येतं. त्यामुळे मायक्रोस्कोपखाली मला आजोबांच्या डोळ्यातला मायक्रॉनच्या हिशेबातला पडदा दिसत होता, आणि फुटभर अंतरावरच्या डबीवरचा आकडा दिसत नव्हता. पण हे कापडाखालच्या माणसाला कसं समजावणार? मी नुसतं "दिसतंय, दिसतंय" म्हणालो. आजोबांनी पुढचं सगळं ऑपरेशन श्वास रोखून काढलं.

आपल्या भाषेने वयाला आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्याला एकच नाव देऊन ठेवलं आहे. चाळिशी. कुठल्याही तपासणीशिवाय इतकं अचूक निदान मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माझं वय ४१.

हिशेब मांडला तर कारभार असा झाला. साडेपाच वर्षं एमबीबीएस. एक वर्ष पुढच्या प्रवेश परीक्षेसाठी लायब्ररीत. तीन वर्षं एम. एस. एक वर्ष सरकारी बाँड. दीड वर्ष मदुराईला फेलोशिप. बारा वर्षं झाली. बरोबरचे इंजिनिअर झालेले मित्र तोवर अमेरिकेत घर घेऊन, विकून, दुसरं घेऊन बसले होते. त्यानंतर हात बसायला आणखी दहा वर्षं. आणि हात बसले त्याच वर्षी डोळे उठले.

आम्ही तासगावकडचे. घरची द्राक्षबाग. मी डॉक्टर होणार म्हटल्यावर आण्णांनी गावात पेढे वाटले. मी डोळ्यांचा डॉक्टर होणार म्हटल्यावर वाटले नाहीत. आत्याने तर तोंडावर विचारलं, "म्हणजे नंबर काढणार व्हय रे?" तिच्या मते साडेपाच वर्षांत मी सगळं शरीर शिकलो होतो आणि आता त्यातले फक्त दोन डोळे ठेवून बाकीचं सोडून देत होतो. एका अर्थी खरंच होतं. पहिल्या वर्षी आमच्यासमोर अख्खा मृतदेह होता, २०६ हाडांचा. एम. एस. ला आमच्या वाट्याला आलेला मुलूख पुढून मागे मोजला तर भरला साधारण २४ मिलिमीटर. पुढे लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामांनी चहा संपवता संपवता विचारलं, "डोळ्यांचेच का? मग पुढं काही शिकायचा विचार आहे की नाही?"

विचार नव्हता, कारण त्या २४ मिलिमीटरमध्येच दम निघत होता.

पहिलं वर्ष अंधारात जातं. हे अलंकारिक नाही. रेटिनोस्कोपी अंधाऱ्या खोलीतच करतात. समोर पेशंट, हातात उजेडाची पट्टी, आणि बुबुळात हलणाऱ्या लालसर झळीवरून चष्म्याचा नंबर ओळखायचा. झळ पट्टीबरोबर गेली तर एक हिशेब, उलटी गेली तर दुसरा. पहिले दोन महिने मला झळ कुठेच जाताना दिसली नाही. मग अक्षरांचा तक्ता. हा तक्ता हेर्मान स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये काढला. त्यांना सहा मीटर अंतर लागायचं. आपल्या ओपीडीत सहा मीटर म्हणजे तीन विभाग ओलांडून बाहेरचा चहावाला. म्हणून तीन मीटरवर आरसा लावतात आणि तक्ता उलटा टांगतात. आत एकजण अक्षरं वाचत असतो, ती दाराबाहेरच्या बाकावर ऐकू जातात. त्यामुळे ओळीतला सातवा-आठवा माणूस खुर्चीत बसतो तो तयारी करूनच. एकदा एका काकांनी खालची सगळ्यात बारीक ओळ धडाधडा म्हणून दाखवली. मी त्यांच्या डोळ्यावरची झापड काढायची विसरलो होतो. दुसरा डोळा तर त्यांनी स्वतःच तळहाताने झाकून घेतला होता.

पडद्याची चित्रं हा आणखी एक प्रकार. कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून डोळ्याचा मागचा पडदा बघायचा आणि कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढायचा. शुद्ध रक्ताच्या नळ्या लाल, दुसऱ्या निळ्या. चित्र दिसतं उलटं, वरचं खाली, डावं उजवीकडे, म्हणून आम्ही कागदही उलटा ठेवायचो. मी स्टेशनरीच्या दुकानात चोवीस रंगांची पेटी मागितली. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "मुलगा कितवीत आहे?" तेव्हा माझं वय २६ होतं आणि मी नावापुढे डॉक्टर लावत होतो. "पहिलीत," असं सांगून मी पेटी घेऊन आलो. पहिल्या वर्षात होतोच.

डोळ्याला प्रत्यक्ष सुरी लावायची वेळ येते तेव्हा आधी बकऱ्याची पाळी. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहायचं आणि आपला नंबर आला की "चार डोळे द्या" म्हणायचं. मागचे लोक मागे सरकत. दुकानदार पहिल्या वेळी कुरकुरला, की मुंडी नेणाऱ्या हॉटेलवाल्यांना आंधळी मुंडी चालत नाही. पुढे ओळख झाली. मग तो आम्हाला बघितलं की आतल्या पोराला ओरडून सांगायचा, "ए, डोळ्यांचे डॉक्टर आलेत, ताजे काढ!" या एका वाक्याने त्या गल्लीत आमच्या हॉस्पिटलचे किती पेशंट कमी झाले असतील कोण जाणे.

बकऱ्याच्या डोळ्यात एक अडचण असते. बकरा काही सत्तरीपर्यंत जगत नाही, त्यामुळे त्याला मोतीबिंदू नसतो. भिंग मऊ, लुसलुशीत. माणसाचं भिंग एका पातळ पिशवीत असतं. त्या पिशवीच्या पुढच्या भागाला गोल भोक पाडायचं, त्याला आम्ही रेक्सिस म्हणतो. चिमट्यात टोक धरून साल गोल फिरवत आणायची; जराशी वाकडी गेली की थेट कडेला फाटत जाते. या एका गोल भोकापायी रेसिडेंट लोक झोपेत मनगटं फिरवतात. सरावाला कोण टोमॅटोची साल घेतं, कोण द्राक्षाची. मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाजारातून आणलेली द्राक्षं टेबलावर मांडून, भिंग लावून, चिमट्याने सोलत बसलो होतो. आण्णा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग आत जाऊन आईला म्हणाले, "सात वर्षं डॉक्टरकी शिकून पोरगं द्राक्षं सोलायला लागलंय. बागेतच ठेवलं असतं तर आजवर पंचवीस टन तोडून झाली असती."

मी त्यांना सुश्रुताचा दाखला दिला. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या सरावावर एक अख्खा अध्याय आहे, आणि विद्यार्थ्याने कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर कापायचा सराव करावा असं त्यात सांगितलं आहे. नुसता ग्रंथ पाठ असलेला वैद्य कामाचा नाही, असं सुश्रुताचं मत. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "द्राक्ष आहे का त्यात?"

नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली खरी गोम सांगतो. पोटाच्या, हाडाच्या मोठ्या ऑपरेशनला पेशंट बहुतेक झोपलेला असतो. तिथले सर्जन शिकाऊ पोरांना मनसोक्त शिव्या घालू शकतात. आमचा पेशंट जागा असतो. डोळा बधिर, कान टवटवीत. आणि घाबरल्यामुळे एरवी ज्या आजोबांना हाक ऐकू येत नाही त्यांना टेबलावर टाचणी पडलेली ऐकू येते. अशा वेळी शिकवायचं कसं? तर आमच्या सरांनी एक स्वतंत्र भाषा तयार केली होती.

"छान" म्हणजे चुकतंय. "फार छान" म्हणजे हात थांबव. "वा! उत्तम!" म्हणजे गाढवा, काय केलंस हे. आणि सगळ्यात भयानक वाक्य, अगदी मधात बुडवलेल्या आवाजात: "सुंदर. आता जरा मी बघतो हं." याचा अर्थ, ऊठ. असा ऊठ की खुर्ची वाजता कामा नये, आणि संध्याकाळी केबिनमध्ये भेट.

माझ्या हातून पिशवीचा मागचा पडदा पहिल्यांदा फाटला तेव्हा सर "अप्रतिम!" म्हणाले होते. हा पडदा साधारण ४ मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन धरला तर त्याचा सतरावा-अठरावा हिस्सा. तो टिकला तर लेन्स आरामात बसते. फाटला तर मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं. सरांनी खुर्ची घेतली, जेली साफ केली, लेन्स जरा वरच्या जागी बसवली. मी कोपऱ्यात उभा होतो, गुडघे कापत होते. केबिनमध्ये त्यांनी मला जे सांगितलं त्यात एकही स्तुतीचा शब्द नव्हता. रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्या पेशंट बाबांची पट्टी काढली तर त्यांना स्वच्छ दिसत होतं. ते बाहेर नातेवाइकांना सांगत होते, "ह्यो बारका डॉक्टर लई हुशार. मोठं सायेब सारखं वा वा करत हुतं!" पुढच्या आठवड्यात ते माझ्यासाठी शेतातली सीताफळं घेऊन आले. मला ती गिळवेनात. सरांनी चार खाल्ली.

फेको म्हणजे कंपनांनी मोतीबिंदू फोडून ओढून काढायचं तंत्र. ते शिकताना हात कमी आणि पाय जास्त शिकावे लागतात. डाव्या पायाखाली मायक्रोस्कोपचं पेडल, उजव्या पायाखाली फेकोचं. उजवं पेडल तीन टप्प्यांत दबतं: पहिल्यात पाणी आत, दुसऱ्यात ओढणं सुरू, तिसऱ्यात मोतीबिंदू फोडणारी कंपनं. टप्पा चुकला की पडदा गेला. दोन हात, दोन पाय, दोन डोळे सगळे वेगवेगळ्या कामात. हे ऐकून आई म्हणाली, "शिलाई मशिनसारखंच की!" बारा वर्षांच्या शिक्षणाचं इतकं नेमकं वर्णन कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. मी त्या सुट्टीत तिच्या मशिनवर तीन उशांचे अभ्रे शिवले.

फेकोचं यंत्र आलं तेही दाताच्या डॉक्टरकडून. चार्ल्स केलमन नावाचे अमेरिकन सर्जन दात साफ करून घ्यायला गेले होते. कंपनांनी दातावरचं कीटण निघताना बघून त्यांना वाटलं, याने मोतीबिंदूही फुटेल. १९६७ मध्ये त्यांनी तो फोडून दाखवला. त्याआधी लंडनच्या हॅरोल्ड रिडलींनी युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, तुकडे वर्षानुवर्षं शांत पडून राहिलेले बघितले आणि १९४९ साली त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स डोळ्यात बसवली. त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो की मला फक्त बिल सुचतं.

मदुराईत मला सांबार आणि नम्रता या दोन गोष्टी मिळाल्या. अरविंद हॉस्पिटल काढणारे डॉ. वेंकटस्वामी यांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली होती. आधी बाळंतपणाच्या शाखेत होते, आजारामुळे ते सुटलं, मग त्या वाकड्या बोटांना त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन शिकवलं आणि सरकारी नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये, ११ खाटांवर हॉस्पिटल सुरू केलं. मॅकडोनाल्डचे बर्गर जगभर एकसारखे आणि स्वस्त मिळतात, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन का मिळू नये, हा त्यांचा सवाल. तिथे सर्जनच्या दोन्ही बाजूंना दोन टेबलं. एकावरचं संपलं की मायक्रोस्कोप फिरवून दुसऱ्यावर. दीड वर्षात मी तमिळ शिकलो ते "मेले पारुंग", वर बघा, आणि "कीळे पारुंग", खाली बघा. एवढ्या भांडवलावर मी तिथे बाजारहाटसुद्धा करत असे.

मग कर्ज काढून फेको मशीन घेतलं, तालुक्याच्या गावी पाटी लावली आणि पेशंटांनी मला शिकवायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न ठरलेला: "पिकलाय का?" मोतीबिंदूचं आणि हापूसचं आपल्याकडे एकच शास्त्र आहे. पूर्वीच्या पद्धतीत पिकेपर्यंत थांबायचे, ते खरं. आता पिकू देऊ नका म्हणून सांगावं लागतं. कडक, तपकिरी झालेला मोतीबिंदू फोडताना माझा घाम निघतो. दुसरा प्रश्न: "लेझरनंच ना?" फेको म्हणजे लेझर नव्हे, ध्वनीची कंपनं, हे मी पहिली दोन वर्षं चित्र काढून समजावलं. समजून घेऊन लोक शेजारच्या शहरात लेझरवाल्याकडे जात. तिसरा प्रश्न: "दोन्ही डोळे घेतले तर काय लावाल?"

पण सगळ्यात मोठा अपमान वेळेवरून होतो. चांगला सर्जन तो, ज्याचं ऑपरेशन दहा मिनिटांत संपतं. आणि पैसे देणाऱ्याला वाटतं, दहाच मिनिटं? शेजारचा दाताचा डॉक्टर तासभर कोरत बसतो, त्याचे पैसे कसे वसूल झाल्यासारखे वाटतात! एका सरपंचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर, आत थोडा वेळ बसवून ठेवत चला. लोकांस्नी बरं वाटतं."

आमचा भाग उसाचा. तोडणीच्या दिवसांत पाचट डोळ्याला लागतं, बुबुळावर जखम होते, त्यात बुरशी शिरते. माझ्याकडे येईपर्यंत तिच्यात मध, एरंडेल आणि मेडिकलवाल्याने दिलेला स्टेरॉइडचा थेंब हे तिन्ही जाऊन आलेलं असतं. या तिघांत स्टेरॉइड सगळ्यात घातक. बुरशीला तो खुराकच. डोळ्यांत तेल घालून पहारा करावा, हा वाक्प्रचार आमच्याकडे लोक औषध म्हणून वापरतात. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. दोन-तीन चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची वेळ ही आमची खरी कमाई, असं सगळे सर्जन सांगतात. मीही सांगतो. पण ती कमाई कधी कधी अंगाशी येते. एका आज्जींची पट्टी काढली, त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढा बारका हाईस व्हय तू? आदी दिसलं असतं तर डोळा दिला नसता." दुसऱ्या एक आज्जी आठवड्याने मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. मला वाटलं पेढे. तर तक्रार होती. त्यांना घरातली जळमटं दिसू लागली होती, भांड्यांवरचे डाग दिसू लागले होते आणि डाळीतले खडे दिसू लागले होते. सूनबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत होत्या. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "दुसऱ्या डोळ्याची घाई नाही ना, डॉक्टर?"

तर त्या श्रावणात ओटी संपल्यावर मी माझ्याच ऑप्टोमेट्रिस्टसमोर, माझ्याच खुर्चीत बसलो. तेवीस वर्षांची मुलगी, मीच शिकवलेली. तिने अंधार केला, उजेडाची पट्टी फिरवली, आणि दोन मिनिटांत म्हणाली, "छान आहे, सर." माझ्या पोटात गोळा आला. छान म्हणजे काय, ते मला माहीत होतं. "वन पॉइंट टू फाइव्ह," ती पुढे म्हणाली. "चाळिशी."

मी आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बघ, शेवटी नंबरच काढलास ना?"

तर वाचकहो, हे लांब धरून वाचत असाल तर एकदा येऊन जा. चाळिशी दिसते तरी. काचबिंदू न दुखता, न सांगता कडेकडेने नजर खातो, म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचं प्रेशर बघून घ्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासायचाच. येताना स्वतः गाडी चालवत येऊ नका, बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी तीन-चार तास नीट दिसत नाही. जुना चष्मा आणि जुने कागद बरोबर आणा. कागदावर अक्षर माझंच असेल, तर ते वाचून दाखवायला सिस्टर आहेत.